न भरणाऱ्या जखमांचा इतिहास



बचत गटाच्या बैठकीत कुणी 'अल्सर' म्हटलं की सगळ्यांचा हात पोटावर जातो. अल्सर म्हणजे पोटाचं दुखणं, पित्त वाढलं की होणारं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. डॉक्टरांच्या भाषेत मात्र हा शब्द बराच मोठा आहे. कातडीचा किंवा शरीराच्या आतल्या नाजूक अस्तराचा वरचा थर जाऊन तिथं खड्डा पडला आणि तो लवकर भरून आला नाही, की त्याला अल्सर म्हणतात. जुन्या वैद्यकात याला व्रण म्हणत. आज आपण जखम बरी झाल्यावर राहिलेल्या खुणेला व्रण म्हणतो, पण सुश्रुतसंहितेत व्रण म्हणजे उघडी जखम. तिच्यावर सुश्रुतांनी साठ उपाय सांगितले आहेत. त्यांचं मुख्य सूत्र सोपं आहे: आधी जखम स्वच्छ करा, मग ती भरून आणा.

असा व्रण कुठंही होऊ शकतो. तोंडात होतो, जठरात होतो, पायाच्या तळव्याला होतो. भात झोडताना लोंबीचं टोक डोळ्यात गेलं आणि दुर्लक्ष झालं तर बुबुळावर होतो. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची कूस कुणी बदलली नाही तर त्यांच्या कमरेला होतो. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. ही कारणं शोधायला माणसाला शेकडो वर्षं लागली. तोपर्यंत दोष कुणाला दिला गेला, हा इतिहास आपण बायकांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. त्याची सुरुवात आपल्या चौलपासूनच करता येते.

चौल हे फार जुनं बंदर. अरब, इराणी, गुजराती व्यापारी इथं येत. रशियाचा प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात इथंच उतरला. १५२१ च्या सुमारास पोर्तुगिजांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला आणि १७४० साली तो मराठ्यांच्या ताब्यात येईपर्यंत इथं त्यांचं ठाणं होतं. जहाजांबरोबर माल आला, तशी दुखणीही आली. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात भावमिश्रांनी एका नव्या रोगाचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं 'फिरंग'. फिरंग्यांच्या संगानं येणारा रोग, म्हणून फिरंग. आज आपण त्याला सिफिलिस किंवा गरमी म्हणतो. त्यावर चोपचिनीची मुळी देत. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनीही १५६३ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात या मुळीबद्दल लिहिलं आहे. हे ओर्ता अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारात जात असत, आणि चौल त्या वेळी निजामशाहीचंच बंदर होतं.

या रोगाची पहिली खूण म्हणजे गुप्तांगावर येणारा व्रण. तो बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो. इथंच फसगत होते. जखम गेली, पण जंतू रक्तात राहिले. पुढं बाईला गर्भ राहिला की तो पोटातच दगावायचा, किंवा मूल आजारी जन्मायचं. पुरुषानं बाहेरून आणलेला रोग, आणि पांढऱ्या पायाची, मूल न जगवणारी म्हणून बोल मात्र बायकोला. या रोगाचा जंतू १९०५ साली सापडला आणि पुढच्याच वर्षी रक्ताची तपासणी निघाली. १९४३ पासून पेनिसिलिननं हा रोग बरा होऊ लागला. आपल्या राज्यात पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी सुरू झाली आणि पेनिसिलिन देशातच बनू लागलं. आज गरोदर बाईची नावनोंदणी झाली की तिचं रक्त तपासतात, त्यात ही तपासणीही असते. ती टाळू नका. गुप्तांगावर जखम झाली तर लाजून घरी बसू नका. जिल्हा रुग्णालयात त्यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं. मात्र औषध नवरा-बायको दोघांनी घ्यायचं. एकटीनं घेतलं तर रोग परत येतो.

आता पायाच्या जखमेकडे येऊ. गटातल्या वयस्कर आजींना नारू हा शब्द आठवत असेल. दोऱ्यासारखा बारीक आणि हात-दीड हात लांब किडा, पायावर फोड आणून कातडीतून बाहेर यायचा. तिथं व्रण व्हायचा, पाय सुजायचा, माणूस कित्येक आठवडे घरात पडायचं. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा किडा ओढून काढायचा, आणि तो तुटला तर जखम चिघळायची. लोक म्हणत, देवाचा कोप झाला. खरं कारण पाण्यात होतं. फेदचेन्को नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला १८७० च्या सुमारास दिसलं, की नारूची पिल्लं पाण्यातल्या सूक्ष्म किड्यांच्या पोटात वाढतात. ते पाणी प्यायलं की नारू आपल्या पोटात जातो आणि साधारण वर्षभरानं पायातून बाहेर येतो. मुंबईत डॉ. तर्खड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रयोग करून हेच दाखवून दिलं.

म्हणजे चूक पायाची नव्हती, पायऱ्यांच्या विहिरीची होती. पायाची आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात सोडायचा, त्याच वेळी किडा पाण्यात पिल्लं टाकायचा आणि तेच पाणी हंड्यात भरलं जायचं. यावर ना लस निघाली, ना गोळी. देशात १९८३-८४ साली नारू निर्मूलनाचं काम सुरू झालं तेव्हा वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण सापडत होते, आणि त्यात महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधले, हातपंप बसवले, विहिरीत औषध टाकलं आणि घरोघरी पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं गेलं. हे पाणी गाळणाऱ्या कोण होत्या, ते तुम्हाला सांगायला नको. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. एका रोगाला देशातून घालवलं ते फडक्यानं आणि कठड्यानं.

पायाला व्रण करणारा दुसरा रोग म्हणजे कुष्ठरोग, ज्याला आपले लोक महारोग म्हणत. यात जेवढी माणसं रोगानं खचली, त्याहून जास्त घरच्यांनी बाहेर काढल्यामुळे खचली. नॉर्वेच्या हॅन्सन यांना त्याचा जंतू १८७३ साली दिसला, तरी 'मागच्या जन्मीचं पाप' ही समजूत काही गेली नाही. मुंबईत रस्त्यावर राहणाऱ्या कुष्ठरुग्णांसाठी १८९० साली रुग्णालय उभं राहिलं. ते उभारणारे पालिका आयुक्त ॲकवर्थ यांचंच नाव वडाळ्याच्या त्या रुग्णालयाला आहे. याच ॲकवर्थसाहेबांनी मराठी पोवाडेही गोळा केले होते. पुढं बाबा आमटे यांचं आनंदवन, आणि आपल्या रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ नेऱ्याचं शांतिवन, अशा जागी टाकलेल्या माणसांना काम आणि घर मिळालं.

पण पायाचे व्रण का भरत नाहीत, हे कोडं फार उशिरा सुटलं. वेल्लोरला काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत दाखवून दिलं, की हे पाय रोगानं सडत नाहीत. रोगानं नसा मरतात, मग काटा रुतला, खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि खड्डा खोल होत जातो. उपाय काय, तर मऊ तळव्याची चप्पल, रोज पाय धुऊन तेल लावणं, तळवा डोळ्यांनी बघणं आणि जखमेला विश्रांती देणं. १९८० नंतर दोन-तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभरात पूर्ण बरा होऊ लागला. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

तरी कायदा मागंच राहिला होता. जोडीदाराला कुष्ठरोग आहे, एवढ्या कारणावरून घटस्फोट मागता येत होता. ते कारण कायद्यातून २०१९ साली काढलं. म्हणजे रोग बरा करणारी औषधं आल्यावरही जवळजवळ चाळीस वर्षं बाईच्या डोक्यावर ही तलवार टांगती होती. अंगावर फिकट, बधिर चट्टा असलेली बाई तो पदराखाली झाकते, त्यामागं ही भीती आहे. आपल्या गटानं ती भीती काढायला हवी.

हीच पायाची गोष्ट आज साखरेच्या आजारात घडते आहे. मधुमेहातही नसा बधिर होतात. वाडीत, शेतात, खळ्यावर अनवाणी चालणाऱ्या बाईला खिळा लागलेला कळत नाही आणि बोट कापायची वेळ येते. साखर असेल तर रोज रात्री पायाचे तळवे बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघा.

आता पोटातला अल्सर. याचं कारण म्हणून पिढ्यान् पिढ्या काय सांगितलं गेलं? तिखट खातेस, उपास करतेस, फार काळजी करतेस. लोकांना दूध पीत राहायला सांगत, कुणाकुणाचं जठर कापत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल या दोन डॉक्टरांनी दाखवलं, की जठरात राहणारा एक वळणदार जंतू बहुतेक अल्सरच्या मुळाशी असतो. जठरातल्या आम्लात जंतू जगेल कसा, म्हणून लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन आजार ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज तपासणीत जंतू सापडला तर साधारण दोन आठवड्यांच्या औषधानं तो जातो.

पोटाच्या अल्सरचं दुसरं मोठं कारण आपल्या घरातल्या डब्यात असतं. लावणी झाली, कंबर धरली, गुडघे दुखले, की दुकानातून अंगदुखीची गोळी आणायची आणि उपाशीपोटी घ्यायची. यातल्या बऱ्याच गोळ्या जठराचं संरक्षण करणारं अस्तर कमकुवत करतात. महिनोन् महिने अशी गोळी घेणारी बाई कुठल्याही गटात सापडेल. तिला ओरडून उपयोग नाही, तिचं दुखणं खरं आहे. ती गोळी डॉक्टरांना दाखवून घ्यावी, एवढंच तिला सांगा. उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं, तर वाट न बघता रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, त्यानं घाबरू नका. पण चिकटपणा असेल किंवा चक्कर येत असेल तर थांबू नका.

शेवटी तोंडाचं बघू, कारण ते आपल्या सगळ्यात जवळचं आहे. तंबाखू या देशात पोर्तुगिजांनी आणली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती विजापुराहून अकबराच्या दरबारापर्यंत पोचली होती. आज तिचीच मिश्री होऊन आपल्या बायांच्या दातांवर बसली आहे. आणि सुपारी तर आपल्या वाडीचीच. सुपारी सोलून कितीतरी घरांना रोजगार मिळतो, म्हणून तिच्याविरुद्ध बोलणं इथं कुणालाच आवडत नाही. तरी जे खरं आहे ते सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली सांगितलं, की तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोग करते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. मिश्री मात्र घरच्या तव्यावरच भाजली जाते.

तोंड येणं नेहमीचंच. जीवनसत्त्वं कमी पडली, दात लागला, तर फोड येतात, दुखतात आणि आठ-पंधरा दिवसांत जातात. जो व्रण दोन आठवड्यांनंतरही तसाच राहतो, न दुखताही राहतो, तो दाखवायचा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तिखट सोसेना, उभी तीन बोटं तोंडात जाईनात, तरी दाखवायचं. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. एक आरसा आणि एक विजेरी आणा. प्रत्येकीनं आपली जीभ, गालाची आतली बाजू आणि पायाचे तळवे बघायचे. जिची जखम भरत नसेल तिला कुणी काही विचारायचं नाही, की काय खाल्लंस आणि काय केलंस. आशाताईंना बरोबर घेऊन दोघींनी तिच्यासोबत आरोग्य केंद्रात जायचं. कोण दोघी जाणार, त्यांची नावं त्याच बैठकीत वहीत लिहून ठेवा.