पैनगंगेच्या खोऱ्यातील वाघ

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी आगगाडी भोकर मागे टाकून हिमायतनगरच्या पुढे गेली, म्हणजे कापूस-ज्वारीची शेते विरळ होऊ लागतात आणि सागाच्या रानाने झाकलेले डोंगर दिसू लागतात. सहस्रकुंडाला पैनगंगा कड्यावरून झेपावते, ती याच मुलुखात. येथील वाघाचा इतिहास हा त्याच्याकडे पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीचाही इतिहास आहे.

१९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मृगया हे तेव्हा राजवैभवाचे एक अंग समजले जाई. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची वाघाचे शिकारी म्हणून मोठी ख्याती होती. आणि त्यांच्याही आधी कर्नल नाइटिंगेल या इंग्रज अधिकाऱ्याने संस्थानात तीनशेहून अधिक वाघ मारल्याची नोंद आढळते. शिकारीसाठी राने राखली जात, हे खरे. परंतु ती वाघ जगावा म्हणून नव्हे, तर बंदुकीला वाघ उणा पडू नये म्हणून!

संस्थाने गेली, तरी बंदूक थांबली नाही. शिवाय नांगर आणि कुऱ्हाड रानात शिरली. अखेर १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणतीत देशात अवघे १,८२७ वाघ भरले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत विदर्भातील मेळघाट होते. २०२२ च्या गणतीचा अंदाज ३,६८२ वाघांपर्यंत पोहोचला.

परंतु संख्या वाढली, म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. पैनगंगेच्या उत्तरेस, यवतमाळ जिल्ह्यात, १९९७ साली घोषित झालेले टिपेश्वर अभयारण्य आहे. त्याचा विस्तार दीडशे चौरस किलोमीटरही नाही. वयात आलेल्या नर वाघाला स्वतंत्र मुलूख लागतो. तो तेथे न मिळाल्यास त्याला बाहेर पडणे भागच असते. २०१९ च्या जून महिन्यात असाच एक तरुण वाघ टिपेश्वरातून निघाला. त्याच्या गळ्यात संशोधकांनी रेडिओ-पट्टा बांधलेला होता, म्हणूनच त्याची वाट जगाला कळली. आदिलाबादचे रान तुडवून तो भोकरच्या ईशान्येस किनवटच्या जंगलात उतरला. तेथून पैनगंगा अभयारण्य, हिंगोली आणि वाशीम असे करीत डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर तेराशे किलोमीटरहून अधिक चाल झाली होती. मात्र त्या रानात त्याला वाघीण मिळाली नाही.

या वाटचालीतील बोध उघड आहे. अभयारण्याची सीमा माणसाने कागदावर आखलेली. वाघाला ती ठाऊक नाही. दोन राखीव रानांमधील ओढ्याकाठची झाडी, डोंगराची धार आणि शेताच्या बांधावरची झुडपे हीच त्याची वाट. ही वाट तुटली, तर प्रत्येक अभयारण्य एक बेट होऊन राहील. आणि ती जपायची, तर ज्या शेतकऱ्याची गाय वाघाने मारली, त्याला भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. पूर्वी वाघाचे जीवित राजाच्या मर्जीवर होते. आज ते किनवट-भोकरकडील गावकऱ्यांच्या सहनशीलतेवरही अवलंबून आहे.