थापरोक्लायडस
गोड्या पाण्यातील मार्जारमीनांच्या क्लोमांवर (कल्ल्यांवर) राहणाऱ्या सूक्ष्म परजीवी चापट कृमींची एक प्रजाती. हिचा समावेश मोनोजेनिया या गटात करतात. या कृमींच्या अभ्यासाला एकोणिसाव्या शतकात यूरोपात प्रारंभ झाला. बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ व्हान बेनेडेन यांनी १८५८ मध्ये सरळ विकास होणारे कृमी आणि पिढ्यापिढ्यांनी रूप पालटणारे कृमी असा भेद केला. त्यांपैकी पहिले म्हणजे मोनोजेनिया होत.

भारतात एस. एल. जैन यांनी लखनौ येथील वॉलॅगो ॲट्टू या मोठ्या मांसाहारी मार्जारमीनाच्या क्लोमांवर मिळालेल्या कृमीसाठी १९५२ मध्ये ही नवी प्रजाती स्थापिली व लखनौचे कृमिशास्त्रज्ञ जी. एस. थापर यांच्या सन्मानार्थ तिला हे नाव दिले. तथापि पुढे रशियन शास्त्रज्ञ गुसेव्ह यांच्या नावाशी निगडित सिल्युरोडिस्कॉइडीझ ही संज्ञा अधिक रूढ झाली. दोन्ही नावांची प्रजाती एकच असल्याचे दाखवून मलेशियातील सुसान लिम यांनी १९९६ मध्ये अग्रक्रमाच्या नियमानुसार जैन यांचे नाव ग्राह्य ठरविले.

शरीराच्या मागील टोकास असलेल्या चकतीवरील आकड्यांनी कृमी क्लोमांना घट्ट धरून राहतो. अंड्यातून बाहेर पडणारा, पक्ष्माभिकांच्या साहाय्याने पोहणारा डिंभ थेट नव्या माशाच्या क्लोमांवर जातो. मध्यस्थ पोषक लागत नाही. वाहत्या नदीत कृमींची संख्या सामान्यतः मर्यादित राहते. मात्र दाटीने मासे पाळलेल्या तळ्यात ती झपाट्याने वाढू शकते. संसर्ग तीव्र झाल्यास क्लोमांना इजा होते, श्लेष्मा वाढतो व श्वसनात अडथळा येतो.

बहुतेक जाती एका किंवा मोजक्या पोषकांशीच निगडित असतात. म्हणूनच कृमीवरून माशाच्या प्रवासाचा मागही लागतो. मेकाँग व चाओ फ्राया नद्यांतील पंगॅशियानोडॉन हायपॉप्थॅल्मस हा मासा संवर्धनासाठी भारतात आणला गेला. त्याच्याबरोबर था. सीकस व था. सायामेन्सिस या दोन जातीही येथे पोहोचल्याचे त्रिपाठी, राजवंशी व अगरवाल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. स्थानिक कृमींची जुनी वर्णने हाताशी नसती, तर हे परके कृमी ओळखता आले नसते. नामकरणाचे हे काम अशा प्रकारे नद्यांच्या रक्षणालाही उपयोगी पडते. नवा मासा आणताना त्याच्या क्लोमांची तपासणी व विलग्नवास आवश्यक ठरतो, कारण परजीवी एकदा नदीत स्थिरावल्यास त्याला हटविणे जवळजवळ अशक्य असते.