भिंतीआडचे बियाणे

जुन्या वाड्यांतून धान्य साठविण्यासाठी भिंतीतच बळद ठेवीत. पाहुण्याच्या दृष्टीस ती साधी भिंत दिसे; घरच्या कर्त्या बाईला मात्र आत काय आणि किती आहे हे पक्के ठाऊक असे. बियाण्यासाठी राखलेले धान्य कितीही ओढगस्त आली तरी दळणाला काढावयाचे नाही, हा शेतकऱ्याच्या घरचा दंडक. आज घरोघरी असलेल्या संगणकातही असे एक बळद असते. फरक इतकाच, की ते मालकाने नव्हे, विकणाऱ्याने बांधलेले असते आणि पुष्कळदा मालकाला त्याचा पत्ताच नसतो. त्याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. रायपूरच्या उत्तरेस उरला येथील कारखान्यांच्या परिसरात, किंवा अशाच एखाद्या दूरच्या ठिकाणी, बदलीवर येऊन राहिलेल्या आपल्या मंडळींना त्याचा इतिहास ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण यंत्र बिघडते तेव्हा ते जेथून घेतले ते दुकान शेकडो कोस मागे राहिलेले असते.

एक गैरसमज आरंभीच दूर केलेला बरा. पेटीवर ५०० गिगाबाइट असे छापलेले असते आणि विंडोज सुमारे ४६५ दाखविते, तेव्हा उरलेली जागा बळदाने खाल्ली असे अनेकांस वाटते. वस्तुतः कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या. हा नुसता शेराचा व पायलीचा वाद आहे. बळद लागते ते त्या ४६५ मधून.

वाटण्यांची ही कथा १९८३ मध्ये सुरू होते. आय.बी.एम. कंपनीच्या १९८१ च्या मूळ पी.सी.त कायमची तबकडी नव्हतीच. ८ मार्च १९८३ रोजी जाहीर झालेल्या पी.सी. एक्स.टी. या यंत्रात १० मेगाबाइटची तबकडी आली. तीवर डॉसबरोबर दुसऱ्याही कार्यप्रणाली नांदू शकाव्यात, म्हणून वाटे पाडण्याची सोय करण्यात आली. तबकडीचा अगदी पहिला खण ५१२ बाइटांचा; त्यातील ६४ बाइट म्हणजे वाटणीपत्र. वाटेकरी जास्तीत जास्त चार, प्रत्येकाच्या नावे १६ बाइट. हिस्सा कोठे सुरू होतो, केवढा आहे आणि कोणत्या जातीचा आहे, एवढाच मजकूर त्यात असतो. जात सांगण्यास एकच बाइट पुरतो.

लपविण्याची सारी विद्या त्या एका बाइटात आहे. १९९२ च्या ओएस/२ २.० या प्रणालीबरोबर बूट मॅनेजर नावाची एक योजना आली. एका हिश्शातील प्रणालीने दुसऱ्यात ढवळाढवळ करू नये म्हणून ती जातीच्या आकड्यात १६ मिळवी. ६ चे २२ होत. डॉसला २२ ही जात ओळखू येत नसल्याने तो त्या हिश्शाला अक्षरच देत नसे. सातबाऱ्यावर शेत पड म्हणून नोंदवावे आणि तलाठ्याने तिकडे फिरकू नये, तसा हा प्रकार. शेत जागच्या जागी असते, पीकही उभे असते. हे कुलूप नव्हे, केवळ नोंदीतील फेरफार आहे, हे ध्यानी असू द्यावे. पुढे काही थिंकपॅड यंत्रांत तबकडीलाच आपला आकार कमी सांगावयास लावून शेवटचा भाग झाकण्याची युक्ती वापरली गेली. ती अधिक पक्की होती, परंतु तिचा प्रसार फारसा झाला नाही.

विंडोजची मूळ प्रत पूर्वी ग्राहकाच्या हाती येत असे. १९९५ ची विंडोज फ्लॉपींवर घेतली तर तेरा फ्लॉप्या मिळत. पुढे एकच सीडी येऊ लागली. २००० च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने मोठ्या संगणक-उत्पादकांना पूर्ण सीडी देण्यास मनाई केली. त्याऐवजी त्या यंत्रापुरती पुनःस्थापनेची सीडी द्यावी किंवा तबकडीवरच प्रत ठेवावी, असे ठरले. नकला होतात हे कारण पुढे करण्यात आले. उत्पादकांनी दुसरा मार्ग इतक्या उत्साहाने धरला, त्यात मात्र सीडीचा खर्च वाचविण्याचाच हेतू मोठा असावा असे आम्हांस वाटते. ते काही असो. पैसे देऊन घेतलेली प्रत ग्राहकाच्या कपाटातून उठली आणि यंत्राच्या भिंतीत गेली. बदलीच्या सामानात सीडी हटकून हरवते, त्या दृष्टीने ही सोयच झाली. यंत्र सुरू होताना एचपीवर एफ११, एसरवर ऑल्ट व एफ१०, असूसवर एफ९ दाबले की बळदाचे दार उघडे.

मराठी माणसाला या स्थित्यंतराची झळ निराळ्याच रीतीने लागली. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आणि मंगल हा टंक आला. परंतु २००१ च्या विंडोज एक्सपीत ती सोय आपोआप चालू नसे. भाषांच्या पानावर एका चौकोनात खूण करावी लागे, आणि खूण करताच यंत्र सीडी मागे. ती तर दिलेलीच नसे! तबकडीवर आय३८६ नावाची पेटी उत्पादकाने ठेवली असेल, तर तिचा पत्ता देऊन काम भागे. एरवी मायबोलीत पत्र लिहिण्याची वाट तेथेच अडे. परप्रांती जेथे देवनागरी ही मुख्यतः हिंदीची लिपी, तेथेही अडचण तीच होती.

याहून मोठा घात पुनःस्थापनेच्या वेळी होई. उत्पादकाची जुनी व्यवस्था यंत्राला कारखान्यातून निघाले त्या दिवसाच्या स्थितीत नेई आणि मधल्या काळातील सर्व काही पुसून टाकी. कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवली असली, तरी श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक पुन्हा बसविल्याविना रोमन अक्षरांचा चिवडा होऊन समोर येई. भिंतीआडचे हे बियाणे यंत्राचे आहे, घरातल्या धान्याचे नव्हे. शिवाय ते त्याच तबकडीवर असल्याने तबकडी गेली की तेही गेले. छायाचित्रे, हिशेब, हस्तलिखिते यांची प्रत वेगळ्या साधनावर ठेवण्यास पर्याय नाही.

दुरुस्तीच्या दुकानात तर ‘फॉरमॅट मारणे’ हा सर्व रोगांवर एकच काढा. तेथे पुष्कळदा वाटणीपत्रच कोरे करतात आणि विनापरवान्याची प्रत ओततात. ग्राहकाच्या मालकीची अस्सल प्रत त्यात नष्ट होते आणि त्याला ते कळतही नाही. उरल्यातील दुकान असो वा नागपुरातील, यंत्र हाती देण्यापूर्वी रिकव्हरीचा हिस्सा राखा, असे स्पष्ट सांगावे. २०१२ नंतरच्या बहुतेक तयार विंडोज यंत्रांत परवान्याचा आकडा मदरबोर्डावरच कोरलेला असल्याने ही हानी आता थोडी सुसह्य झाली आहे.

बळदाचे कामही पालटले आहे. २०१५ च्या विंडोज १० पासून पुनःस्थापना मुख्यतः चालू प्रणालीच्याच फायलींतून होते, आणि २०२० पासून नवी प्रत इंटरनेटवरूनही आणता येते. लपलेल्या हिश्शात आता दुरुस्तीची हत्यारेच तेवढी उरली. तथापि ती जागा क्षुल्लक नव्हे, हे ९ जानेवारी २०२४ रोजी दिसले. बिटलॉकर या कुलपातील एक दोष झाकण्यासाठी आलेली सुधारणा या हिश्शात २५० मेगाबाइट मोकळी जागा मागत होती. ती नसलेल्या असंख्य यंत्रांवर ८००७०६४३ हा त्रुटीचा आकडा झळकला. मुख्य हिस्सा आखडून हा हिस्सा पुन्हा बांधण्याची कृती मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केली. सामान्य गृहस्थाने ती आज्ञा टंकून पार पाडावी ही अपेक्षा आम्हांस धाडसाची वाटते. कारण तेथे एका अंकाच्या चुकीने भलताच हिस्सा पुसला जातो.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या पटावर हा हिस्सा नावानिशी दिसतो, आणि तेथे तो पुसण्याची सोय सहसा दिलेली नसते. जागा कमी पडते म्हणून इतर हत्यारांनी तो काढू नये; मिळणारी जागा चार-दोन चित्रपटांची. काढावयाचाच असेल, तर आधी रिकव्हरी ड्राइव्ह करण्याच्या सोयीने १६ गिगाबाइट किंवा त्याहून मोठ्या पेनड्राइव्हवर प्रत उतरवावी. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ही प्रत पूर्ण झाली, की आता तबकडीवरील हिस्सा पुसावयाचा काय, असे यंत्र स्वतःच विचारीत असे.