भोपळ्याचा हिशेब

तांबडा भोपळा आणि मी यांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, आणि त्यातला विळा मी. चौथीत गणितात तो एकदा माझ्या पेपरावर आला, तेव्हापासून ताटात आला तरी मी त्याला कडेला सारतो.

म्हणूनच एक जानेवारीला मी अख्खा भोपळा घेऊन घरात शिरलो तेव्हा हिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अहो, बरं आहे ना?"

"सूप करायचंय. स्वातंत्र्यदिनाचं."

"तो ऑगस्टात असतो."

"आपला. हैतीचा आज!"

हैती म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पश्चिमेकडचा भाग. फ्रेंचांची ही सोन्याची कोंबडी. आफ्रिकेतून आणलेले गुलाम तिथे ऊस नि कॉफी पिकवायचे. भोपळ्याचं मसालेदार सूपही तेच शिजवायचे. मात्र ते जायचं मालकाच्या टेबलावर. शिजवणाऱ्याला ते खायची बंदी होती, असं तिथले लोक सांगतात. १७९१ साली गुलाम उठले. पुढे नेपोलियनच्या फौजेलाही त्यांनी पाणी पाजलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी देसालीन या त्यांच्या सेनापतीने स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याची आठवण म्हणून तिथे दर एक जानेवारीला घरोघरी हे सूप शिजतं. नाव 'सूप जूमू'. २०२१ साली युनेस्कोनेही त्याची वारसा म्हणून नोंद केली.

इथवर वाचून मी खूश होतो. पुढे हिशेब आला, आणि माझ्यातला कारकून जागा झाला. १८२५ साली फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौका पाठवून कळवलं, की आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालंय. १५ कोटी फ्रँक भरा, मग तुमचं स्वातंत्र्य मान्य. म्हणजे सुटलेल्या गुलामानेच मालकाला भरपाई द्यायची! हप्ते पाच. पहिल्यालाच पैसे नव्हते, म्हणून पॅरिसमध्येच कर्ज काढलं. कर्ज ३ कोटींचं, हातात पडले २ कोटी ४० लाख. साठ लाख वरच्यावर कापले! कर्जखात्यात माझी वीस वर्षं गेली, पण असली कापाकापी मी पाहिली नाही. १८३८ साली एकूण आकडा ९ कोटींवर आणला खरा. पण ते फेडायला कर्ज, त्या कर्जासाठी आणखी कर्ज, असं करत खातं मिटलं १९४७ साली. आपण पेढे वाटत होतो त्या वर्षी.

असो. अख्खा भोपळा बाईमाणसाने फोडायचा नसतो म्हणून आईने विळी माझ्याकडे सरकवली. मूळ कृतीत गोमांस आहे. त्या ओळीवर अंगठा ठेवूनच मी हिला कृती वाचून दाखवली. भोपळा उकडून घोटला, त्यात गाजर, बटाटा, कोबी, लवंगा, मिरची आणि मुलीच्या आग्रहाने मॅकरोनी. लवंगा जरा जास्तच पडल्या.

जेवताना मी सगळा हिशेब पुन्हा सांगितला. आई वाटी फुंकत ऐकत होती.

"मग सगळे फेडले त्यांनी?"

"पैन् पै."

"आणि परत काही मिळालं?"

"नाही."

आईने वाटी पुढे केली. "घाल अजून. आणि तुझ्या ताटातलं कडेला सारू नकोस."