राहुलपुढचा तांब्या: प्राथमिक शाळेत बौद्ध विचार शिकवण्याविषयी

लहान मुलांना बौद्ध धर्म शिकवायचा म्हटले की आपल्याकडे बहुधा दोनच वाटा धरल्या जातात. एक सिद्धार्थाच्या गोष्टीची: राजवाडा, म्हातारा, आजारी, प्रेत, संन्यासी. दुसरी त्रिसरण-पंचशीलाच्या पाठांतराची. दोन्हींना परंपरेचा आधार आहे. तरीही सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला स्वतः विचार करायला लावण्याचे बळ दोन्हींत कमी पडते, असे माझे ठाम मत आहे. गोष्ट ऐकून मूल हळहळते आणि पाठांतराने ते शाबासकी मिळवते. त्यापलीकडे फारसे काही घडत नाही. याहून चांगली वाट खुद्द पाली वाङ्मयातच आहे. नेवासे तालुक्यातल्या सोनईसारख्या पाटपाण्याच्या गावात तर ती फार सहज चालता येते.

आधी सीमा आखून घेऊ. संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेतही पालकांच्या संमतीवाचून मुलाला त्यात बसवता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणे आणि त्यांचा अभ्यास करणे याला मात्र हरकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा वंदना आणि सूत्रपठण विहारात किंवा घरी. गोष्ट, प्रश्न, इतिहास आणि वागण्याची चर्चा वर्गात. ही विभागणी शिक्षकाने मनापासून पाळावी. वर्गात बौद्ध, मराठा, धनगर, मुस्लिम, ख्रिस्ती मुले एका बाकावर बसतात. अशा वेळी बौद्ध घरच्या मुलीला उभे करून ‘तुमच्यात काय करतात ते सांग’ असे विचारू नये. सर्वांच्या नजरा तिच्याकडे वळतात आणि जी मुलगी शिकायला आली होती, तिच्यावर एका समाजाची साक्ष देण्याची पाळी येते.

आता मुख्य गोष्ट. बुद्धांनी एका लहान मुलाला प्रत्यक्ष कसे शिकवले, याचा पाठ मज्झिम निकायात आहे. तो मुलगा त्यांचा स्वतःचा, राहुल. परंपरेने त्याचे तेव्हाचे वय सात वर्षे मानले आहे, म्हणजे आपल्याकडचे दुसरीचे मूल. बुद्ध बाहेरून येतात, पाय धुतात आणि भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवतात. ते दाखवून विचारतात, हे उरलेले पाणी दिसते का? मुद्दाम खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याच्यातला चांगुलपणा एवढासाच. मग ते पाणी फेकतात, भांडे पालथे करतात, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवतात, आणि दर वेळी तेच समजावतात. पुढे आरशाचे उदाहरण येते. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे: याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही इजा होते का? होत असेल तर थांबावे. होऊन गेली असेल तर गुरूला किंवा जाणत्या माणसाला मोकळेपणी सांगावे.

शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने या पाठात काय काय आहे ते बघा. हाताशी असलेली वस्तू आहे, एकाच कल्पनेची चार दृश्ये आहेत, आणि शेवटी मुलाच्या हातात एक कसोटी दिलेली आहे. नरक नाही, शिक्षा नाही, बक्षीसही नाही. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत असे जे निवडक पाठ सांगितले, त्यांत राहुलला खोटेपणाविषयी केलेला उपदेश आहे. दुसरीच्या वर्गात हा पाठ करायला शिक्षकाला एक पितळी तांब्या पुरतो. मात्र तांब्या मुलांच्या हातात द्यावा आणि पाणी त्यांनीच ओतावे.

दुसरे साधन खुद्दकपाठातले. त्यात श्रामणेरासाठी, म्हणजे नवशिक्या भिक्षूसाठी, एक ते दहा असे अंकवार प्रश्न आहेत. एक म्हणजे काय, तर सगळे जीव आहारावर जगतात. तीन म्हणजे तीन वेदना: सुखाची, दुःखाची आणि धड ना सुखाची ना दुःखाची. सहा म्हणजे डोळा, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन. पहिली-दुसरीला एवढे तीन अंक भरपूर झाले. चार आर्यसत्ये, पाच स्कंध, सात बोध्यंगे मागाहून येऊ द्यावीत. सर्व काही दुःखमय आहे असे वाक्य सात वर्षांच्या मुलाच्या कानावर घालणे मला तर अन्यायाचे वाटते. त्याच्याजवळ ते तपासून पाहण्याइतका अनुभवच नसतो. ‘एक’ मात्र त्याला लगेच कळतो. ऊसतोडीच्या हंगामात मुळा साखर कारखान्याच्या परिसरात मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. सगळे जीव आहारावर जगतात, याचा अर्थ त्या कोपीतल्या मुलाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी-चौथीत सिद्धार्थाकडे वळावे, पण सुरुवात म्हातारा, आजारी, प्रेत, संन्यासी या चार दृश्यांनी करू नये. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते हे पटणारे नाही, हा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथाच्या आरंभीच घेतला. हा ग्रंथ त्यांच्या पश्चात, 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी धर्मानंद कोसंबींनीही गृहत्यागाचा संबंध सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलीय यांच्यातल्या कलहाशी जोडला होता. बाबासाहेबांच्या मांडणीत हा कलह रोहिणी नदीच्या पाण्याचा आहे. सिद्धार्थ शाक्य संघाच्या सभेत युद्धाला विरोध करतो, बहुमत त्याच्या विरुद्ध जाते आणि तो परिव्रज्या स्वीकारतो. जुन्या अट्ठकथांत, म्हणजे पाली टीकाग्रंथांत, हाच तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. ज्येष्ठात नदीचे पाणी आटते, दोन्ही पिकांना पुरत नाही, शेतावरच्या गड्यांची बाचाबाची होते, ती थेट कुळाच्या उद्धारापर्यंत जाते आणि सैन्ये काठावर येतात. बुद्ध विचारतात, पाणी मोलाचे की माणसांचे रक्त?

सोनईच्या मुलाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. 26 टीएमसीच्या मुळा धरणाचा उजवा कालवा राहुरी, नेवासे, शेवगाव, पाथर्डी या भागांना पाणी देतो. आवर्तन कधी सुटणार, चारीला पाणी कधी येणार, वरच्याने पाळी मोडली का, रात्री दारे कोण धरणार, ही भाषा मूल घरी रोज ऐकते. समन्यायी पाणीवाटपावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात जो ताण पडतो, तोही त्याच्या कानावर असतो. म्हणून वर्गाचे दोन गट करावेत, एक शाक्य, एक कोलीय. फळ्यावर नदी काढावी, पाणी निम्म्याहून कमी आहे असे सांगावे आणि वाटप त्यांच्यावर सोपवावे. भांडण होईल, होऊ द्यावे. कोणत्या क्षणी पाण्याचे भांडण जातीवर किंवा घराण्यावर गेले, तो क्षण मुलांनीच पकडायचा. त्यानंतर गोष्टीची दोन्ही रूपे सांगावीत आणि ती दोन आहेत हेही सांगावे. एकच घटना परंपरा वेगवेगळी सांगते, हे चौथीच्या मुलाला उत्तम समजते.

पंचशीलाचे पाठांतर विहारात होतच असते. शिक्षकाने आणि पालकाने अर्थाकडे लक्ष द्यावे, कारण पाच शीलांपैकी दोन उघड प्रौढांसाठी घडलेली आहेत. तिसऱ्याचा मुलापुरता अर्थ असा करावा: दुसऱ्याच्या शरीराला त्याच्या इच्छेविरुद्ध हात लावायचा नाही, आणि आपल्याला कोणी लावला तर सांगायचे. पाचव्याबाबत फार जपावे. दारूची झळ सोसणाऱ्या घरातले मूल वर्गात असतेच. ‘दारू पिणारा वाईट’ असे सरसकट म्हटले की ते मूल मान खाली घालते आणि पुढचा तास त्याच्यासाठी संपतो.

दुसरे शील, न दिलेले न घेणे, याचा विचार सोनईत वेगळ्याच अंगाने होऊ शकतो. जवळच शनिशिंगणापूर आहे, घरांना दारे नसलेले गाव म्हणून देशभर ठाऊक असलेले. तिथल्या श्रद्धेनुसार चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतात. या श्रद्धेची टवाळी वर्गात मुळीच होऊ नये. कित्येक मुलांच्या घरची ती श्रद्धा असते. प्रश्न मात्र जरूर विचारावा: कोणी पाहत नसेल आणि शिक्षेची भीतीही नसेल, तर सापडलेले पेन परत का द्यायचे? तिसरीतली मुले यावर जी उत्तरे देतात त्यांत ‘त्याला वाईट वाटेल’ हे हमखास येते. राहुलला दिलेली कसोटी तीच आहे, आणि मुलाने ती स्वतःच्या तोंडाने मांडलेली असते.

आता जातीचा प्रश्न, जो टाळून बौद्ध विचार शिकवता येत नाही. जानेवारी 2013 मध्ये सोनई परिसरात मेहतर समाजातल्या तीन सफाईकामगार तरुणांची आंतरजातीय प्रेमसंबंधावरून हत्या झाली. पाच वर्षांनी नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. हा प्रसंग आठ वर्षांच्या मुलांना सांगू नये. शिकवणाऱ्याने मात्र तो क्षणभरही विसरू नये, कारण थेरगाथेतल्या सुनीत या भिक्षूची गोष्ट याच गावात सांगायची आहे. सुनीत हीन मानलेल्या कुळातला, वाळलेली फुले झाडून काढणारा, लोकांचा तिरस्कार सोसणारा. बुद्ध त्याला सर्वांसमक्ष संघात बोलावतात. या गोष्टीबरोबर दिव्यावदानातली प्रकृती या मुलीची गोष्ट सांगावी. विहिरीवर बुद्धांचा शिष्य आनंद तिच्याकडे पाणी मागतो, ती आपली जात सांगून कचरते, आणि तो म्हणतो की मी जात विचारली नाही, पाणी मागितले. येथून महाडच्या 1927 च्या चवदार तळ्याकडे जायला एक तास पुरतो.

छापील शब्द लहान वयात किती खोल जातो, याचा दाखला मराठीतच आहे. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातला बुद्धांवरचा छोटा लेख गोव्यातल्या तरुण धर्मानंद कोसंबींच्या हाती पडला आणि ते पुढे नेपाळ-सिंहलद्वीपापर्यंत गेले. मॅट्रिक झालेल्या भीमरावांना 1907 मध्ये कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. शाळेच्या पेटीत मुलांना वाचता येईल असे बुद्धांवरचे एक तरी मराठी पुस्तक हवे.

पाचवीत इतिहास-भूगोल येऊ द्यावा. बालभारतीत प्राचीन धार्मिक प्रवाहांचे प्रकरण सहावीत येते, तेव्हा ही पूर्वतयारी ठरते. सुत्तनिपातात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य पैठण, माहिष्मती, उज्जैन असा पल्ला गाठत बुद्धांना प्रश्न विचारायला जातात. पैठण नेवाशाहून लांब नाही. मुलांनी तो मार्ग नकाशावर बोटाने आखावा. वेरूळची सहल सोनईहून एका दिवसात होते. पहिली बारा लेणी बौद्ध. त्यांतल्या दहाव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या, छताला लाकडी वाशांसारखे दगडी वासे आहेत, ते मुलांना मोजायला लावावेत. मग तेराव्यापासूनची हिंदू आणि तिसाव्यापासूनची जैन लेणीही त्याच दिवशी दाखवावीत, कारण शाळा सर्वांची आहे आणि डोंगरही एकच आहे.