तोंडीं लावण्याचा इतिहास

बीड जिल्ह्याचा इतिहास सांगावयाचा म्हणजे राक्षसभुवनापासून आरंभ करावा, असा आपल्याकडे एक संकेतच आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजीं गोदावरीच्या कांठीं थोरल्या माधवराव पेशव्यांनीं निजामअलीच्या फौजेचा पाडाव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या धुमश्चक्रींत पडला. हें सारें बखरींत आहे, पत्रव्यवहारांत आहे, इतिहासाच्या ग्रंथांतून आहे. परंतु त्या रात्रीं दमून आलेल्या शिपायानें भाकरीबरोबर काय खाल्लें, हें कोणा बखरकारास लिहावेसें वाटलें नाहीं. श्रोतेहो, आज मला त्या भाकरीच्या शेजारच्या गोष्टीविषयींच चार शब्द बोलावयाचे आहेत. विषय क्षुल्लक वाटेल खरा; पण लढाई एका दिवसांत आटोपली, आणि हा इतिहास मात्र त्या मुलखांत रोज दोन वेळां घडत आला आहे.

शहरांतील सुशिक्षित घरांत आपण भाजी, आमटी, कोशिंबीर अशीं वेगवेगळीं नांवें घेतों आणि त्या सर्वांना मिळून 'तोंडीं लावणें' म्हणतों. मराठवाड्याच्या खेड्यांत याहून नेमका शब्द आहे: 'कोरड्यास'. कोरड्या भाकरीस जें लागतें तें कोरड्यास. मग ती पालेभाजी असो, डाळ असो वा पिठलें असो. बालाघाटाच्या डोंगरपट्टींत पाऊस बेताचा. भाजीचा हंगाम तेवढ्यापुरता, आणि खाणारीं माणसें मात्र दिवसभर शेतांत राबलेलीं. म्हणून तेथील गृहिणी नुसता पाला परतून वाढीत नाहीं. ती त्यांत डाळ घालते, ज्वारीच्या कण्या घालते, हरभऱ्याचें पीठ लावते, शेंगदाण्याचा कूट घालते. तोंडीं लावण्यानें निम्में पोट भरलें पाहिजे, हा तेथील स्वयंपाकाचा कायदा आहे.

या पानांत मुळचें कोण आणि बाहेरचें कोण, हें पाहूं लागलें म्हणजे मोठी गंमत होते. बाराव्या शतकांत हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखालीं होता. त्या वंशांतील तिसऱ्या सोमेश्वराच्या नांवावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्याचा काळ सुमारें ११३१. त्याच्या अन्नभोगाच्या प्रकरणांत राजाच्या पाकशाळेचें सविस्तर वर्णन येतें. तिखटपणासाठीं मिरीं आणि आलें, वासासाठीं हिंग. मिरची नाहीं, बटाटा नाहीं, शेंगदाणा नाहीं, टोमॅटो नाहीं. असणार कोठून? अमेरिका खंडाची वाट सांपडावयास अजून साडेतीनशें वर्षांहून अधिक अवकाश होता. त्याच शतकाच्या अखेरीस, शके १११० मध्यें म्हणजे ११८८ च्या सुमारास, मुकुंदराजांनीं 'विवेकसिंधु' रचला असें परंपरा मानते, आणि त्यांची समाधि अंबाजोगाईस दाखवितात. मुकुंदराजांच्या पानांत वांग्याचें भरीत असूं शकेल. मिरचीचा ठेचा मात्र असणें शक्य नाहीं. ज्या ठेच्यावांचून आज बीडच्या शेतकऱ्याच्या शिदोरीची कल्पनाहि करवत नाहीं, तो आपल्या आद्य कवीनें चाखलेलाच नव्हता!

वांगें मात्र आपलें. हिंदुस्थान आणि त्याच्या पूर्वेकडील प्रदेश हें त्याचें माहेर. त्याच्या नांवाचा प्रवास तर एखाद्या यात्रेकरूसारखा आहे. संस्कृतांतील 'वातिंगण' इराणांत 'बादिंगान' झालें, अरबांनीं त्याचें 'अल् बादिंजान' केलें, मूर लोकांबरोबर तें स्पेन-पोर्तुगालांत उतरलें. कातालान भाषेंत त्याचें 'अल्बर्जिनिया' झालें आणि त्यावरून फ्रेंचांचें 'ओबर्जिन'. पोर्तुगीजांचें 'बेरिंजेला' गलबतांत बसून पुन्हां हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागलें आणि येथील साहेबाच्या तोंडीं 'ब्रिंजल' झालें. आपलें वांगें आपल्याच देशांत परदेशी नांवानें परत आलें. पाककृतीहि अशाच फिरल्या आहेत. सीरिया-लेबनानकडे वांगें विस्तवावर भाजून, सोलून, त्यांत वाटलेले तीळ, लसूण आणि लिंबाचा रस घालतात व त्यास 'बाबा गनूज' म्हणतात. आपण तेंच वांगें चुलींतील निखाऱ्यावर भाजतों, दही किंवा शेंगदाण्याचा कूट घालतों आणि भरीत म्हणतों. दोन्ही पानें शेजारीं मांडलीं तर बहिणी ओळखूं येतील.

भरल्या वांग्यांची गोष्ट अधिक जवळची. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड हें हैदराबादच्या निजामी राज्यांत होतें. त्या राजधानीच्या मेजवान्यांत 'बघारे बैंगन' मानाचें; त्याच्या वाटणांत तीळ, शेंगदाणे, खोबरें, चिंच. बीडकडील भरल्या वांग्यांत काय असतें? तीळ, शेंगदाणे, सुकें खोबरें, चिंच! इतिहासाचीं पुस्तकें अशा वेळीं दरबाराकडून खेड्याकडे बोट दाखवितात. माझा कयास उलटा आहे. वांगें, तीळ आणि चिंच जेथें पिकते तेथेंच हें वाटण पहिल्यानें झालें असावें, आणि खानसाम्यानें त्यावर तेलाचा तवंग तेवढा चढविला असावा.

आतां बाहेरून आलेल्यांकडे वळूं. गोवा पोर्तुगीजांच्या हातीं १५१० मध्यें गेलें, आणि त्यांच्या गलबतांबरोबर अमेरिकेची मिरची आपल्या किनाऱ्यावर आली. ती लगोलग सर्वत्र पसरली असें मात्र नाहीं. त्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनें अकबराच्या पाकशाळेंतील मसाल्यांची यादी दिली, तींत अजून मिरींच आहेत. पुढें मात्र या नवख्या फळानें मिऱ्यांस मागें सारलें, आणि मराठी माणसानें त्याचें बारसें मिऱ्यांवरूनच केलें: मिरची. भुईमुगाचेंहि तसेंच. दक्षिण अमेरिकेंतील हें पीक शेतांत आलें, तेव्हां जमिनीखालीं शेंग धरणाऱ्या या झाडास कुणब्यानें मुगाच्या गोतांत बसविलें. टोमॅटोस कांहीं भागांतील जुनीं माणसें बेलवांगें म्हणत. आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तोंवर सांगून ठेवलेंच होतें कीं टोमॅटो आणि वांगें एकाच कुळांतलीं! अमेरिकेहून आलेला लाल भोपळा आपल्या जुन्या दुध्याच्या पंगतीस बसला. बटाट्यानें मात्र आपलें पोर्तुगीज नांव सोडलें नाहीं. प्रत्येक कुटुंबांत एखादा जांवई असा असतोच.

नांवाच्या या युक्तीचा कळस उपवासाच्या पानांत दिसतो. महाशिवरात्रीस परळी वैजनाथाच्या दर्शनास हजारों माणसें येतात. घरोघर भगर आणि शेंगदाण्याची आमटी होते, बटाट्याची भाजी होते, उकडलेलें रताळें असतें, शाबूदाण्याची खिचडी असते, राजगिऱ्याचे लाडू असतात. यांतील एकट्या भगरीचा जन्म या देशांतला. बटाटा, रताळें, शेंगदाणा, राजगिरा, हिरवी मिरची, आणि ज्याच्या कंदापासून सेलमकडे शाबूदाणा करतात तो कसावा, हीं सारीं अमेरिकेचीं लेंकरें. कांदा-लसूण वर्ज्य, ज्वारी वर्ज्य, मूग वर्ज्य. भुईमूग मात्र चालतो! शास्त्रकारांनीं निषेधाच्या याद्या केल्या तेव्हां हे पदार्थ त्यांस ठाऊकच नव्हते, म्हणून ते सोंवळ्यांत शिरले, असा याचा सरळ अर्थ मला दिसतो. कर्मठपणाबद्दल मी टीका करीत नाहीं. त्या आमटीचा मीहि भोक्ता आहें.

परंतु या प्रांताचें खरें तोंडीं लावणें पाहावयाचें तर मार्गशीर्ष अमावास्येस अंबाजोगाईच्या बाजूच्या, लातूर जिल्ह्यास लागून असलेल्या गांवांत जावें. त्या दिवसास तेथें येळवस म्हणतात. गांव ओस पडतें, आणि सारीं माणसें शेतांत जातात. कडब्याची खोप उभारून पांच पांडवांची पूजा होते, आणि मग पंगत बसते. पानांत बाजरीचे उंडे, मडक्यांत ताकांतली आंबील, आणि मुख्य पदार्थ भज्जी. हिरवा हरभरा, तुरीचे कोंवळे दाणे, वाटाणा, वाल, मेथी, कांद्याची पात, शेतांत जें जें असेल तें तें एका भांड्यांत शिजवून त्यास पीठ लावावयाचें आणि चिंचेचा कोळ घालावयाचा. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस नगरांत अशीच मिश्र भाजी करतात. तिला 'रातातुई' म्हणतात. तींत वांगें आशियाचें, टोमॅटो आणि ढबू मिरची अमेरिकेची. ती आज मोठमोठ्या उपाहारगृहांच्या फलकांवर झळकते. भज्जी खोपीबाहेर गेली नाहीं, आणि एका परीनें बरेंच झालें; ताज्या शेंगा सोलणारे पंचवीस हात नसतील तर ती व्हावी कशी?

हें चित्र मीं भरल्या घराचें काढलें. १९७२ च्या दुष्काळांत बीड जिल्हा होरपळला, तेव्हां कोरड्यास तर नव्हतेंच, भाकरीचेंहि धान्य नव्हतें. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी मिळे, आणि स्वस्त धान्याच्या दुकानांत अमेरिकेहून आलेला लाल मिलो. मिलो म्हणजे ज्वारीच. आफ्रिकेंत जन्मलेली ज्वारी हजारों वर्षांपूर्वीं आपल्याकडे आली. तिचीच दुसरी शाखा गुलामांच्या गलबतांबरोबर अमेरिकेस गेली होती. दोघी बहिणींची गांठ पडली ती अशा वेळीं. तो मिलो ज्यांनीं खाल्ला तीं माणसें आजहि त्याच्या चवीची आठवण निघतांच तोंड वांकडें करतात. त्या भाकरीस सोबत होती ती मीठ-मिरचीची, आणि पाण्याजवळ कोठें उगवला तर रानपाल्याची.

आणि या जिल्ह्यांतून दुसरीहि एक भाजी हळूहळू नाहींशी होत आहे. करडईचीं रोपें कोंवळीं असतांना विरळणी करावयाची आणि उपटलेल्या रोपांची भाजी मुगाची डाळ घालून करावयाची, ही हिवाळ्यांतली रीत. रोप वाढलें कीं पानांस कांटे येतात, म्हणून ही भाजी थोड्याच दिवसांची. जिच्या फुलांनीं प्राचीन इजिप्तांत वस्त्रें रंगविलीं आणि जपानांत स्त्रियांच्या ओंठांस लाली दिली, ती हीच करडई. हिचेंच तेल आपल्या फोडणीस होतें. गेल्या कांहीं दशकांत करडई मागें हटली, ज्वारीहि आटली, आणि शेतें सोयाबीननें भरलीं. सोयाबीनविषयीं माझें भांडण नाहीं; शेतकऱ्याच्या हातांत रोकड पैसा त्यानें आणला आहे. चीन-जपानांत त्याच्या दाण्याचें पनीर करतात, हिरव्या शेंगा मिठांत उकडून खातात. बीडमध्यें मात्र तें पोत्यांत भरून गिरणीकडे जातें आणि डब्यांतील तेल होऊन दुकानांतून परत येतें. खोपीखालच्या भज्जींत त्याचा दाणा मीं अद्याप पाहिलेला नाहीं. तें येथें येऊन तीस-चाळीस वर्षें झालीं. त्यास मराठी नांव कोणीं दिलेलें नाहीं.