कार्बीन बाटलीत कसं आलं

कार्बीनमधल्या कार्बनभोवती आठऐवजी सहाच इलेक्ट्रॉन. म्हणून ते तयार होताच कशावर तरी झडप घालणार, अशी रसायनशास्त्रज्ञांची खात्री होती. बर्लिनच्या वान्झलिक यांना मात्र १९६०च्या सुमारास वाटलं, शेजारी दोन नायट्रोजन असतील तर ते इलेक्ट्रॉन देऊन त्याला सावरतील. विचार बरोबर होता बरं का! पण हाती आली ती दोन कार्बीनं जुळून झालेली जोडी. १९६८ मध्ये त्यांनी आणि ओफेले यांनी, स्वतंत्रपणे, कार्बीन धातूला बांधून दाखवलं. सुटं नाहीच. (बर्त्राँ यांचं १९८८ मधलं कार्बीन वेगळ्या जातीचं, ते पुढच्या व्याख्यानात.) १९९१ मध्ये ड्यूपाँटच्या आर्डुएंगो यांनी नायट्रोजनांवर अवजड अ‍ॅडमँटिल गट बसवले, आणि चक्क स्फटिक मिळाले! हवा-पाणी लागलं नाही, तर २४० अंश सेल्सिअसपर्यंत शाबूत. श्रेय अवजड गटांचं? १९९२ मध्ये त्यांनी साध्या मिथिल गटांवरही कार्बीन टिकवलं. म्हणजे मुख्य आधार नायट्रोजनचाच.